ब्रेक्झिटचा कौल आणि ज्यांना कौल देता आला नाही ती माणसे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय महासंघात राहायचे की त्यातून बाहेर पडायचे या प्रश्नावर सार्वमत झाले. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने, तर ४८.१ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. त्या निकालाने कोणाला किती आनंद झाला आणि कोणाला किती दुःख झाले, याविषयी तेव्हापासून आजवर अमाप लिहिले गेले आहे. त्या काळात मी इंग्लंडमधल्या स्विंडन या शहरात राहत होते आणि सार्वमताच्या आधीचे काही महिने व नंतरची काही वर्षे मी तिथेच काढली. निकालावरच्या प्रतिक्रियांचा तो सगळा गदारोळ जवळून पाहिल्यावर माझे एक ठाम मत बनले: ज्यांचे आयुष्य या निकालाने सर्वांत थेट बदलणार होते, त्यांची प्रतिक्रिया सर्वांत कमी ऐकली गेली, कारण त्यांना मतच नव्हते.

हे मत नसणे म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. या सार्वमताची मतदारयादी मुख्यतः संसदीय निवडणुकीच्या यादीवर आधारलेली होती. त्यामुळे ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होते. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून निव्वळ भारतीय पासपोर्ट असलेल्या, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माझ्यासारखीला मत मिळाले. महासंघातले माल्टा आणि सायप्रस हे दोन देश राष्ट्रकुलातलेही असल्यामुळे तिथल्या लोकांनाही मिळाले. पण वीस-वीस वर्षे तिथे राहून, कर भरून, मुले वाढवलेल्या पोलिश, जर्मन, इटालियन किंवा पोर्तुगीज माणसाला ते नव्हते. स्कॉटलंडने २०१४ साली स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले, तेव्हा तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मताधिकार दिला होता. २०१६ मध्ये हे दोन्ही गट वगळले गेले. सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने दुरुस्ती सुचवली होती, ती कॉमन्स या निवडून आलेल्या सभागृहाने फेटाळली. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांनाही मत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आणि इटलीत स्थायिक झालेल्या एका वृद्ध माजी सैनिकाने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, पण त्यांच्या पदरी काही पडले नाही.

स्विंडनमध्ये या विसंगतीला एक असा चेहरा होता, जो मराठी वाचकाला लगेच ओळखता येईल. या शहरात गोव्याची फार मोठी वस्ती आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्या कायद्याचा आधार घेऊन हजारो गोवेकरांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी केली, पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि महासंघातल्या मुक्त संचाराच्या हक्काने ते इंग्लंडला आले. गोदामे, कारखाने, रुग्णालये, वृद्धाश्रम अशा ठिकाणी, पुष्कळदा रात्रपाळीत, ते काम करत. माझ्या शेजारचे कुटुंब बार्देशातले होते. अंकल एका गोदामात रात्रपाळी करत आणि आंटी एका वृद्धाश्रमात काम करत. मतदानाचे कार्ड माझ्या नावाने आले तेव्हा आंटी घरी आल्या होत्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट पाहिले, परत माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तुका मत आसा, आमकां ना." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण मला खाली पाहावेसे वाटले. मला त्या देशात येऊन थोडीच वर्षे झाली होती आणि निकाल काहीही लागला तरी माझ्या व्हिसावर त्याचा कसलाच परिणाम होणार नव्हता. त्यांचा मात्र तिथे राहण्याचा अधिकारच त्या मतपत्रिकेवर होता.

मतदानाच्या रात्री दहा वाजता केंद्रे बंद झाली, तेव्हा बाहेर पडण्याच्या बाजूचे सर्वांत बोलके नेते नायजेल फराज यांनीच राहण्याची बाजू थोडक्यात जिंकेल असे म्हटले होते. मध्यरात्रीनंतर न्यूकॅसलचा निकाल आला, तो राहण्याच्या बाजूने, पण अगदी निसटता. पाठोपाठ संडरलंडने ६१ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि पौंड तिथल्या तिथे घसरू लागला. संडरलंडला निस्सानचा मोठा कारखाना आहे. तिथे तयार होणाऱ्या मोटारींचा मोठा वाटा युरोपात विकला जातो. अशा शहरातले लोक मतमोजणीच्या सभागृहात एकमेकांना मिठ्या मारताना दूरदर्शनवर दिसले आणि लंडनमधल्या विश्लेषकांचे चेहरे उतरले. पहाटे पावणेपाचच्या सुमारास बीबीसीने निकाल निश्चित झाल्याचे सांगितले. सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनाम्याची घोषणा केली. पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांकही त्या दिवशी सहाशेहून अधिक अंशांनी खाली येऊन बंद झाला. घरून फोन आले आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: आता तुमचे काय होणार? आमचे काहीच होणार नव्हते, हे समजावून सांगताना मला सारखी भिंतीपलीकडच्या घराची आठवण येत होती.

त्या शुक्रवारी आमच्या कचेरीत जे पाहिले, ते मला महत्त्वाचे वाटते. स्विंडनमध्ये ५४.७ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली होती, पण कचेरीतले बहुतेक सगळे राहण्याच्या बाजूचे होते. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी त्या सकाळी नेहमीपेक्षा नीटनेटका पोशाख करून आले. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. हे शहर त्या कारखान्याभोवतीच वाढले आणि तो १९८६ साली बंद पडला. आपल्या हयातीत पहिल्यांदाच आपल्या मताने काही बदलले, असे ते मला म्हणाले. दुपारी जेवणाच्या वेळी त्यांच्या टेबलावर कोणी बसले नाही. दोन तरुण मुली उघड रडत होत्या. त्यांच्यापैकी एकीने त्या सहकाऱ्यांकडे पाहून, "तुमच्या पिढीने आमचे भविष्य घालवले," असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. मी स्वतः राहण्याच्या बाजूने मत दिले होते आणि त्या मुलीचे दुःख मला समजत होते. तरीही मी माझा डबा घेऊन त्या सहकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसले. त्यांनी आपल्या शहरासाठी केलेले मतदान चुकीचे होते असे मी त्यांना नंतर अनेकदा सांगितले, पण त्यासाठी त्यांना वाळीत टाकणे मला मान्य नव्हते.

बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांना अडाणी ठरवण्याची जी लाट त्या आठवड्यात आली, ती पराभूत बाजूची सर्वांत वाईट प्रतिक्रिया होती, असे मी अजूनही मानते. 'युरोपीय महासंघ म्हणजे काय' हा प्रश्न निकालानंतर ब्रिटनमधले लोक गूगलवर शोधत आहेत, ही बातमी जगभर फिरली आणि लोक न समजता मत देऊन बसले असा तिचा अर्थ लावला गेला. हे शोधणारे किती होते, त्यांनी मत दिले होते की नाही आणि दिले असल्यास कोणत्या बाजूने, यांपैकी काहीही त्या बातमीवरून कळत नव्हते. वेल्समधल्या एबू व्हेलचे उदाहरणही असेच वारंवार दिले गेले. तिथला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला, त्यानंतर महासंघाच्या निधीतून त्या भागात महाविद्यालय, रस्ते, रेल्वे अशी कामे झाली आणि तरीही त्या परगण्यात ६२ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. याला कृतघ्नपणा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हवे होते की नव्या इमारतीवर महासंघाची निळी पाटी लागली म्हणून त्या गावाला गेलेला रोजगार परत मिळाला नव्हता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्राध्यापक आनंद मेनन प्रचाराच्या काळातला न्यूकॅसलच्या एका सभेतला प्रसंग सांगतात. बाहेर पडल्यास देशाचे सकल उत्पन्न घटेल, असे त्यांनी सांगताच प्रेक्षकांतल्या एका बाईने ओरडून सांगितले की ते तुमचे सकल उत्पन्न, आमचे नव्हे. त्या एका वाक्यात त्या निकालाचे जितके स्पष्टीकरण आहे, तितके नंतरच्या कित्येक अग्रलेखांत मला सापडले नाही.

मात्र जिंकलेल्या बाजूच्या आनंदाला लागूनच जे दुसरे काही आले, त्याला क्षमा नाही. सार्वमताच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, यॉर्कशरमध्ये जो कॉक्स या खासदार बाईंची एका अतिउजव्या विचाराच्या माणसाने हत्या केली होती. त्या धक्क्यातून देश पुरता सावरलाही नव्हता. निकालानंतरच्या रविवारी लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवीगाळ रंगवलेली आढळली. केंब्रिजजवळच्या हंटिंग्डनमध्ये पोलिश लोकांना उद्देशून घाणेरड्या मजकुराची कार्डे घराघरांपाशी टाकली गेली. गृहखात्याच्याच आकडेवारीनुसार त्या जुलै महिन्यात वंश किंवा धर्म यांवरून झालेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक होती. आमच्या शेजारच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी सोमवारी शाळेतून आली आणि आपण कधी जायचे, असे तिने आईला विचारले. वर्गातल्या एका मुलाने तिला तसे विचारले होते, बहुधा घरी ऐकलेले त्याने तसेच्या तसे तिला ऐकवले होते. आंटींना तिला काय उत्तर द्यावे हे कळेना, कारण त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हते.

याच दिवसांत दुसरीही एक प्रतिक्रिया दिसली आणि तिचाही उल्लेख व्हायला हवा. हॅमरस्मिथच्या त्या केंद्रात शेजारपाजारच्या लोकांनी फुले आणि पत्रे यांचा ढीग लावला. परक्यांना आमच्यापासून भीती नाही असे सांगण्यासाठी पुष्कळांनी अंगावर साधी सेफ्टी पिन लावायला सुरुवात केली. आमच्या कचेरीतही ती दिसू लागली. पहिल्या आठवड्यात ती लावणाऱ्यांत ते ज्येष्ठ सहकारीही होते.

पराभूत बाजूच्या संघटित प्रतिक्रियेत सर्वांत मोठी होती ती संसदेच्या संकेतस्थळावरची याचिका. मतदान ७५ टक्क्यांहून कमी झाले आणि कोणत्याही बाजूला ६० टक्के मते मिळाली नाहीत तर पुन्हा सार्वमत घ्यावे, अशी तिची मागणी होती आणि तिच्यावर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. ही याचिका बाहेर पडण्याच्या बाजूच्याच एका कार्यकर्त्याने, आपली बाजू हरेल असे वाटत असताना, मतदानाच्या आधी दाखल केली होती. याचा अर्थ निकाल उलटा लागला असता तर नियम बदलण्याची मागणी दुसऱ्या बाजूने आली असती. मी त्या याचिकेवर सही केली नाही. खेळ संपल्यावर नियम मागणे मला पटत नव्हते. परंतु २ जुलैच्या लंडनमधल्या मोर्चाला मी गेले, कारण त्या मोर्चात निकाल रद्द करा म्हणणाऱ्यांबरोबर, युरोपीय नागरिकांच्या राहण्याच्या हक्काची हमी द्या, असे म्हणणारेही होते, आणि ती मागणी मला अगदी साधी आणि न्याय्य वाटत होती.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या प्रतिक्रियांचा पोत वेगळा होता. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली आणि तिथल्या सगळ्याच्या सगळ्या ३२ परिषद क्षेत्रांत तोच कौल आला. तरीही त्यांना बाहेर पडावे लागणार होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वातंत्र्य नाकारले, तेव्हा ब्रिटनपासून फुटलात तर युरोपमधले स्थान जाईल हा युक्तिवाद त्यांना ऐकवला गेला होता, त्यामुळे तिथला राग निव्वळ भावनिक म्हणता येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी राहण्याचा कौल दिला. महासंघातच राहणाऱ्या आयर्लंड प्रजासत्ताकाशी असलेली, १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारामुळे मोकळी झालेली सीमा पुन्हा बंद होण्याची धास्ती तिथल्या लोकांना वाटू लागली. आयरिश पासपोर्टच्या अर्जांसाठी टपाल कचेऱ्यांत इतकी गर्दी झाली की काही ठिकाणी कोरे अर्ज संपले. बाहेर पडण्याचा प्रचार केलेल्या पक्षाचे खासदार इयान पेस्ली धाकटे यांनीही, हक्क असेल तर दुसरा पासपोर्ट घ्या, असा सल्ला लोकांना दिला.

भारतीय वंशाच्या ब्रिटिशांची प्रतिक्रिया एकसारखी मुळीच नव्हती आणि ती तशी असावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल आणि तेव्हा नवे असलेले खासदार ऋषी सुनक बाहेर पडण्याच्या बाजूला होते, मजूर पक्षाचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ राहण्याच्या. एकंदर आशियाई मतदारांपैकी दोन-तृतीयांश राहण्याच्या बाजूचे होते, असे मतदानाच्या दिवशीच्या एका मोठ्या पाहणीत दिसले. परंतु पूर्व युरोपातल्या माणसाला दार उघडे आणि आपल्या भावाला व्हिसासाठी खेटे, ही सल अनेक जुन्या कुटुंबांत खरोखर होती. करी हाउसवाल्या बांगलादेशी मालकांना, बाहेर पडल्यावर दक्षिण आशियातून स्वयंपाकी आणणे सोपे होईल, असे प्रचारात सांगितले गेले होते. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी फसवणूक झाल्याचे जाहीरपणे बोलून दाखवले. 'आधी आम्ही, मग ते' असा हिशेब एका स्थलांतरिताने दुसऱ्याविरुद्ध मांडलेला पाहून मला त्या काळात फार वाईट वाटले, विशेषतः त्या 'ते'मध्ये आपल्याच कोकण किनाऱ्यावरची माणसे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन उभी असताना.

गोव्याचा विषय निघाला म्हणून एक आठवण नोंदवते. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे हा प्रश्न, फूल आणि दोन पाने ही चिन्हे आणि जेमतेम ३४ हजार मतांचा फरक हे सगळे अंकलांना त्यांच्या वडिलांकडून ऐकून पाठ होते. घरातली दोन माणसे त्यावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, असे ते सांगत. पण त्या कौलात त्यांच्या वडिलांना मत होते, हा फरक त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिला.

निकालानंतरची खरी परवड या मत नसलेल्या सुमारे ३० लाख लोकांच्या वाट्याला आली. त्यांच्या हक्कांची हमी सरकार पहिल्याच आठवड्यात एकतर्फी देऊ शकले असते. ती दिली गेली नाही, कारण युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांबद्दलच्या वाटाघाटींत ती हातची राखायची होती. मार्च २०१७ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने तशी हमी देणारी दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली आणि कॉमन्सने ती काढून टाकली. त्या महिनाअखेरीस महासंघ सोडण्याची अधिकृत सूचना गेली. हक्कांवर तडजोड व्हायला डिसेंबर उजाडला आणि राहण्याचा हक्क टिकवण्यासाठीच्या प्रत्यक्ष नोंदणीची योजना सगळ्यांसाठी खुली व्हायला ३० मार्च २०१९ ही तारीख आली. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे माझ्या शेजाऱ्यांनी घर घ्यावे की नाही, मुलीची शाळा बदलावी की नाही, मडगावला जागा पाहून ठेवावी की काय, या प्रश्नांत काढली. या काळात टीव्हीवर रोज रात्री राहणारे आणि जाणारे यांचे वाद चालत. त्या वादांत हे लोक एक आकडा म्हणून येत आणि बोलायला मात्र क्वचितच बोलावले जात.

नोंदणीचा अर्ज आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. पासपोर्ट फोनच्या पाठीला टेकवून त्यातली चिप वाचायची होती आणि ते अॅप तेव्हा फक्त अँड्रॉइड फोनवरच चालत असे. अंकलांकडे आयफोन होता, म्हणून माझा फोन वापरला. पोर्तुगालचे चिन्ह असलेले ते तांबडे पुस्तक चारपाच वेळा सरकवल्यावर एकदाची चिप वाचली गेली. मग आंटींचा चेहरा टिपायला त्या फोनच्या पडद्यावर रंगीत प्रकाश लागोपाठ चमकू लागले आणि त्या दचकून मागे सरल्या. पगाराच्या नोंदी करखात्याकडे होत्याच, त्यामुळे दोघांनाही कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला, पण हातात कागद काहीच नाही, नुसता एक ईमेल. आंटींनी तो मला दोन प्रतींत छापून आणायला सांगितला. २०२१ च्या जूनअखेर मुदत संपली तोवर या योजनेखाली ६० लाखांहून अधिक अर्ज आले होते. अंदाजापेक्षा कितीतरी अधिक माणसे आपल्यात राहतात, हे तोवर देशाला माहीतच नव्हते.

त्यानंतर त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वाचा विचार सुरू केला. शुल्क माणशी हजार पौंडांच्या वर होते आणि तिघांचे एकदम भरणे शक्य नव्हते, म्हणून पहिला अर्ज त्यांनी मुलीचा केला. तिला अठरा वर्षे पूर्ण होतील तेव्हा मतदारयादीत तिचे नाव असावे, एवढेच कारण अंकलांनी मला सांगितले. आपले दोघांचे अर्ज त्यांनी पुढच्या वर्षांवर टाकले.